दोन शिवाजी पार्क

आता स्वतःच्या तोंडानं काय सांगू? माझी अक्कल किती धावते ते बघायचं असेल तर लालबागच्या बसस्टॉपवर कोणालाही विचारा. तिथे हल्ली सगळे मला ओळखतात. चहा घ्या, सांगतो.

आमच्या बसला आताशा रोखीनं तिकीट काढलं की जास्त पैसे पडतात. कार्ड टेकवलं की कमी. मी लगेच आईला कार्ड आणून दिलं आणि आपण कसे काळाबरोबर चालतो ते अख्ख्या चाळीला ऐकवलं. आई ‘बरं’ म्हणाली. आई ‘बरं’ म्हणते तेव्हा सावध राहावं, हे मला पन्नाशीला आलो तरी कळलेलं नाही.

दर गुरुवारी आई आणि मागच्या गल्लीतली इंदूमावशी बसनं शिवाजी पार्कला जातात. कट्ट्यावर बसतात, शेंगदाणे खातात, परत येतात. मावशीचे यजमान गेले तेव्हा ती दाराबाहेर पाऊल टाकीना. आईनंच तिला या फेरीच्या निमित्तानं बाहेर काढली. पण मावशी भारी मानी. जाताना तिकीट आईनं काढलं की येताना ती काढणार, आणि दोन्ही वेळा ‘मी देते, मी देते’ अशी जुंपणार की कंडक्टरनं हात जोडावेत.

तर एकदा आईच्या कार्डात पैसे भरायला गेलो. बघतो तर आधीचे पैसे होते तसेच. आता सरळ माणूस आईला विचारेल की नाही? मी नाही विचारलं. मी ठरवूनच टाकलं, की कंडक्टर म्हाताऱ्या बायकांची कार्डं घेत नाही, मुद्दाम रोख उकळतो.

गुरुवारी रजा टाकली आणि दोघींच्या मागून गुपचूप बसमध्ये चढलो. एका जाड्या गृहस्थाच्या आड उभा राहिलो. कंडक्टर आला. आईनं बटव्यातून नोटा काढल्या. “दोन शिवाजी पार्क.”

“थांबा!” मी ओरडलो. जाडे गृहस्थ दचकून बाजूला झाले. “म्हातारी माणसं बघून कॅश उकळता होय?”

“साहेब, मी काय हात धरला का त्यांचा? त्याच देतात.”

“तू हंय काय करतंस?” आई म्हणाली.

“आई, घाबरू नकोस. यांना कार्ड दाखव.”

“गप रव मेल्या.”

ती डोळ्यांनी काहीतरी खुणावत होती. मला वाटलं, बिचारी घाबरलीय. मी तिच्या पिशवीत हात घातला, कार्ड काढलं आणि सगळ्या बसला दिसेल असं उंच धरलं. “हे बघा कार्ड. पैसे भरलेलं.”

इंदूमावशी कार्डाकडे बघत राहिली. “शालू, तू तर बोललीस कार्ड हरवलं.”

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. कार्डावर एकाचंच तिकीट निघतं, आणि मावशीकडे तर कार्डच नाही. आईनं ते टेकवलं असतं तर शेजारी मावशीला एकटीला जादा पैसे मोजावे लागले असते, आणि मैत्रिणीचं तिकीट काढायची सोयही राहिली नसती. म्हणून आई खोटं बोलली होती, आणि मी ते सगळ्या बससमोर उघडं पाडलं होतं. ही मानी बाई आता उतरून जाणार आणि पुन्हा घरात बसणार. आईच्या चेहऱ्याकडे बघवेना.

मावशी उठलीसुद्धा. दांड्याला धरून जरा वेळ उभी राहिली. मग काय वाटलं कोण जाणे, परत बसली. ब्लाउजमधलं छोटं पाकीट काढलं आणि त्यातून एक कार्ड काढून आईच्या मांडीवर ठेवलं. कोरं करकरीत, वरचं प्लास्टिकही न काढलेलं.

“भाचीनं दिलंय. गणपतीतच.”

“आणि माका काय सांगलंस? तुझ्याकडे कार्ड नाय म्हणून?”

“तुझं हरवलेलं ना? मग तू एकटीच जादा देणार होतीस काय?”

दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या आणि मग डोळ्यांना पदर लावून हसायला लागल्या. माझेही डोळे भरून आले, खोटं कशाला बोलू? कंडक्टरनं मान हलवत त्यांना दोन तिकिटं दिली, रोखीची.

तेवढ्यात परळला चेकर चढला. सगळ्यांची तिकिटं बघत बघत माझ्यापाशी आला. “तुमचं?”

भाषणाच्या भरात माझं स्वतःचं कार्ड टेकवायचंच राहिलं होतं. अख्ख्या बसमध्ये विनातिकीट एकटा मीच. मी घाईघाईनं कार्ड पुढे केलं.

“दंड रोख,” चेकर म्हणाला.

काळाबरोबर चालणाऱ्या माणसाच्या खिशात रोकड कुठली? पण आईचा बटवा आणि मावशीचं पाकीट एकदमच उघडलं.

“मी भरतंय.”

“हात काढ, शालू. आत्ताची तिकिटं तू काढलीस.”

ओढाताणीत मावशी जिंकली. तेव्हापासून ती आईला जाण्यायेण्याची दोन्ही तिकिटं खुशाल काढू देते. कोणी विचारलंच तर सगळ्या स्टॉपला ऐकू जाईल असं सांगते, “काढू दे की. हिच्या लेकाला मी सोडवून आणलाय.”