सरांना बस म्हणणार कोण

नव्वदच्या दशकाच्या शेवटी अबू धाबीत आमच्या लष्करी कॉलेजची जुनी मुलं एकमेकांना सापडत गेली आणि बघता बघता फुटबॉलची टीम उभी राहिली. लष्करी कॉलेज म्हटलं तरी सैन्यात गेलेले त्यात दोन-तीनच. बाकीचे माझ्यासारखे, डोळ्यांच्या तपासणीत नाहीतर मुलाखतीत गळलेले. इथे येऊन कुणी पंप विकत होतं, कुणी साइटवर एसीचे डक्ट बसवून घेत होतं. मुसफ्फा या कारखान्यांच्या वस्तीमागे वाळूचं एक मैदान होतं. तिथे हिवाळ्यात दर शुक्रवारी सकाळी, नमाजाच्या आधी, नोकरदार परदेशी लोकांची लीग चालायची. आमची टीम निवडायचं काम माझ्याकडे होतं, म्हणजे म्हणायला माझ्याकडे होतं.

कॉलेज सुटून इतकी वर्षं झाली तरी तिथला कायदा काही सुटला नव्हता. सिनियरने सांगायचं, ज्युनियरने ऐकायचं. सिनियरने पाण्याची बाटली तोंडाला लावल्याशिवाय बाकीच्यांनी पाणी प्यायचं नाही. आमच्यात सगळ्यांत जुन्या बॅचचे म्हणजे सर. फौजेतून लवकर निवृत्ती घेऊन एका बांधकाम कंपनीत सेफ्टी मॅनेजर झालेले, पन्नाशीला टेकलेले. ते बचावफळीच्या मधोमध उभे राहून सगळ्यांना हुकूम सोडायचे आणि समोरच्या टीमची पोरं त्यांच्या शेजारून आरामात निघून जायची. आमच्यातला सगळ्यांत चांगला खेळाडू कोल्हापूरचा, तिथल्या पेठेतल्या तालमीच्या फुटबॉल टीममध्ये खेळलेला. पण तो सगळ्यांत धाकट्या बॅचचा, म्हणून तो बाहेर बसून टाळ्या वाजवायचा.

लीगमध्ये जी टीम शेवटी राहील तिची जागा जाणार, हे ठरलेलं होतं. मैदानासाठी पुष्कळ टीम टपून होत्या. आम्ही हरत होतो आणि मी जळत होतो. ऑफिसात आठवडाभर लेबनीज बॉससमोर मी 'येस सर, येस सर' करायचो. माझी स्वतःची अशी काय ती शुक्रवारची सकाळ होती, आणि तीही हातची चालली होती.

सामना संपला की आम्ही कॅफेटेरियात चहा-पराठ्याला बसायचो. सर असेपर्यंत सगळे मूग गिळून बसायचे. ते फोनवर बोलायला बाहेर गेले की सगळ्यांना कंठ फुटायचा. सरांना बसवा, कोल्हापूरकराला घ्या, ही काय टीम आहे. मग मांजराच्या गळ्यात घंटा कोण बांधणार म्हटलं की सगळे माझ्याकडे बघायचे. घरी मुलगी दारातच विचारायची, "बाबा, लॉस्ट अगेन?" बायको म्हणायची, तोंड आहे ना तुम्हाला, मग सांगा की त्यांना. तिला काय सांगणार? ती साध्या कॉलेजात शिकली होती.

पुढच्या शुक्रवारी पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

शेवटचा सामना केरळच्या टीमशी होता. बरोबरी झाली असती तरी आम्ही वाचणार होतो. मध्यंतरापर्यंत कुणाचाच गोल नव्हता. मी कोल्हापूरकराला बूट बांधायला सांगितलं आणि तडक सरांकडे गेलो. ते वाळूत पाय लांब करून बसले होते. त्यांनी मान वर केली.

"बोल," ते म्हणाले. बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले.

"सर," मी म्हणालो, "पाणी घेता का? सगळे थांबलेत."

त्यांनी पाणी घेतलं. मग सगळ्यांनी घेतलं. सुदानी रेफरीने विचारलं, "चेंज है? नहीं? यल्ला, हबीबी, यल्ला." कोल्हापूरकराने बांधलेले बूट परत सोडले.

सामना संपत आला असताना एक पोरगा चेंडू घेऊन सरांच्या बाजूने निघाला. सर वळायला गेले आणि वळलेच नाहीत. गोल झाला. आमची लीग खलास.

सर खलिफा सिटीत राहायचे, माझ्याच वाटेवर, म्हणून त्यांना मीच सोडायचो. गाडीत मी रेडिओ मोठा करून ठेवला. बोललो असतो तर भांडलो असतो. अर्ध्या रस्त्यात त्यांनी पँट वर केली आणि आत लपवलेला गुडघ्याचा पट्टा सोडला. गुडघा नारळाएवढा सुजला होता.

"दिवाळीपासून असाच आहे," ते म्हणाले. "दर शुक्रवारी वाटायचं, आज तू बस म्हणशील. आज तर आलासही होतास."

मी गाडी कडेला घेतली. "मग सर, तुम्ही स्वतःच का नाही बसलात?"

"सिनियर आपणहून मैदान सोडत नाही. तुला माहीत नाही का?"

माझ्या डोक्यात तिडीक गेली. अख्खा हिवाळा आम्ही तोंड दाबून बुक्क्यांचा मार खाल्ला होता, आणि हा माणूस त्याच गाडीत, त्याच सीटवर बसून माझ्या एका शब्दाची वाट बघत होता. निदान आज तरी त्यांना सुनवायचंच म्हणून मी तोंड उघडलं.

"येस सर," मी म्हणालो, आणि गाडी सुरू केली.