नमुन्याचा हात

"बाही वर कर," डॉक्टर म्हणाले. खुर्चीतूनच.

जऊळक्याच्या शाळेचा व्हरांडा. समोर आमच्या बौद्ध वस्तीतल्या बाया रांगेत. कातडीच्या रोगांची तपासणी होती. मी नवी आरोग्यसेविका. डॉक्टरांच्या मांडीवर परदेशातून आलेला रंगीत चित्रांचा तक्ता. त्यातली सगळी कातडी गुलाबी. तो पाहून आमच्या अंगावरचा चट्टा त्यांना ओळखू येईना. बायांना हात तर लावायचा नव्हता. मग माझा हात. पेशंटच्या हाताशेजारी धरायचा, म्हणजे निरोगी रंग कोणता ते साहेबांना कळे.

"कॉन्व्हेंटात शिकली, पण कामाला आला तो रंगच," ते कंपाउंडरला म्हणाले. तो हसला. मी जमिनीकडे पाहिलं.

नोकरीला लागताना वाटलं होतं, माझं इंग्रजी उपयोगी पडेल. पडलं नाही. मी मुद्दाम लांब बाह्यांचं ब्लाउज घालायची. गावोगाव बाही वर, बाही खाली.

मग गोदा पुढे आली. नवीन लग्न झालेली. कोपराखाली फिकट चट्टा. सासू मागेच उभी. डॉक्टरांनी छडीनं तिचा हात उचलला. तक्ता पाहिला. माझा हात पाहिला.

"महारोग. वहीत लिही," ते मला म्हणाले.

सासू मागे सरली. गोदा माझ्याकडे बघत राहिली. हे लिहिलं की तिला घर उरणार नव्हतं. आणि महारोगाचा चट्टा बधिर असतो; हा बधिर आहे का, हे कोणी तपासलंच नव्हतं. प्रशिक्षणात सगळ्यात आधी तेच शिकवतात.

माझ्या तोंडून शब्द लवकर फुटत नाही. त्या दिवशी फुटला. "साहेब, कापूस लावून बघा."

"तुला हात दाखवायला ठेवलंय. तोंड चालवायला नाही."

मी बाही खाली ओढली. बटण लावलं. गोदाला डोळे मिटायला सांगून कापसाचं टोक चट्ट्यावर टेकवलं.

"गुदगुल्या होऊन राह्यल्या, बाई."

पुन्हा टेकवलं. पुन्हा तेच. सासू पुढे आली. "मंग महारोग कायले लिहून राह्यले?"

डॉक्टर तिच्याशी बोललेच नाहीत. मला म्हणाले, वर कळवतो, नोकरी गेली समज. मी म्हटलं, कळवा. पेशंटला हात न लावता रोग ठरवला, तेही कळवा.

चट्टा कशाचा होता, ते मलाही ठाऊक नव्हतं. पण तो शब्द मी लिहिला नाही.

माझा हात आता कोणाचा नमुना होणार नाही. आमचं अंग तपासायचं असेल तर खुर्ची सोडा, जवळ या, हात लावा. जमत नसेल तर आमच्या अंगाला नाव देऊ नका. मी देऊ देणार नाही.