दुसऱ्या रांगेतली तिसरी जागा

आमच्या शाळेचे बँडमास्तर सरावाआधी प्रत्येक ड्रमवर टिचकी मारून कान लावतात. कुणी ताल पळवला की म्हणतात, "हळू रं, वरात न्हाई ही."

जिल्हा स्पर्धेच्या तोंडावर ड्रम वाजवणारी एक मुलगी आईबापांबरोबर ऊसतोडीला गेली. गेल्या वर्षी आमचा पहिला नंबर एका गुणाने हुकला होता. मी म्हणालो, "मास्तर, रांग सरकवून घ्या. फट राहिली तर गुण जातील."

"जाऊ द्या की, सर. पोरगी कामाला गेलीय, शाळा सोडून न्हाई."

मैदानावर मुलं तिची जागा राखून चालली. नंबर पुन्हा हुकला.

परीक्षक म्हणाले, "दुसऱ्या रांगेत एक जागा रिकामी होती."

"रिकामी न्हाई साहेब," म्हणत मास्तरांनी तिचं पूर्ण नाव त्यांना गुणपत्रिकेवर लिहायला लावलं.