टेकली का?

मासे धरणाऱ्या माणसांकडे मासे कमी आणि गोष्टी जास्त असतात. आमच्याकडे तर फ्रीज रिकामा आणि गोष्टी ठेवायला जागा नाही, अशी परिस्थिती आहे. रविवारी धरणावर जायचं, सोमवारी लोहाऱ्याच्या एमआयडीसीत डबा खाताना सांगायचं, आणि मंगळवारपर्यंत आपण सांगितलेलं आपल्यालाच खरं वाटायला लागतं. म्हणून सगळ्यांच्या समक्ष जे घडलं, तेवढंच लिहितो.

आम्ही तिघं. मी कारखान्यात सुट्या भागांच्या तपासणीवर. त्याच कारखान्यात लेथवर राठोडभाऊ. आणि माझे शेजारी वानखडे सर, यवतमाळच्या एका कॉलेजात फिजिक्स शिकवतात. चौथा नामदेव, नाव त्याची, आणि पाणीही जवळजवळ त्याचंच. धरण महागावच्या बाजूला आहे. त्याचं नाव सांगत नाही, पुढच्या रविवारी गर्दी नको.

*

हे खूळ आणलं सरांनी, मोबाइलवर व्हिडिओ पाहून. काठावर गळ टाकून बसायचं नाही. नाव खोल पाण्यावर उभी करायची, धातूची चकचकीत मासोळी दोरीला बांधून सरळ खाली सोडायची. तळाला टेकली की रॉडला झटका देऊन हातभर उचलायची, परत पडू द्यायची. जखमी मासोळी आहे असं समजून खालचा शिंगाळा मासा तिच्यावर तुटून पडतो. याला जिगिंग म्हणतात.

पन्नास फूट खाली काय चाललंय ते दिसत नाही, सगळं बोटाला कळतं. त्यामुळे नावेत दिवसभर एकच प्रश्न, "टेकली का?"

नामदेवनं पहिल्या दिवशी अर्धा तास हे पाहिलं आणि म्हणाला, "सर, हे तर आमी लहानपणापासून करतो."

"कुठं?"

"विहिरीत. बादली पडली का गळ सोडून असंच हालवत बसा लागते."

सरांचा चेहरा जरा उतरला. मी हसलो. राठोडभाऊ हसले नाहीत. "आमच्या तांड्यात पडलेल्या बादल्या माहा बाच काढे," एवढंच म्हणाले.

*

बाजारातल्या मासोळ्या तळाच्या दगडात अडकून जातात. म्हणून राठोडभाऊंनी लेथवर स्टीलच्या तुकड्यातून एक बनवली. मी तिला मायक्रोमीटर लावला. डोक्याचा व्यास, शेपटीचा व्यास, सगळं बरोबर. जन्मात इतका अचूक माल मी पास केला नव्हता. त्या अचूक मासोळीला चार रविवार एकाही माशानं तोंड लावलं नाही.

पाचव्या रविवारी सरांनी पिशवीतून काहीतरी ओबडधोबड काढलं. टोकाला भोक, भोकाला हुक. दुसऱ्या झटक्याला रॉड वाकला आणि चांगला हातभर लांब, मिशाळ शिंगाळा वर आला. आमचा पहिला मासा. राठोडभाऊंनी ती वस्तू हातात घेऊन निरखली.

"सर, हा पळीचा दांडा हाय."

"घरात तीन पळ्या आहेत," सर म्हणाले.

त्याच संध्याकाळी सरांच्या घरी वहिनींनी पाहुण्यांना वरण वाटीनं वाढलं. प्रत्येकाला वाढताना कारणही सांगितलं.

*

त्यानंतर सरांच्या अंगात आलं. एका रविवारी त्यांचा रॉड असा वाकला की टोक पाण्याला लागलं. "मोठा आहे, फार मोठा आहे," म्हणत त्यांनी एका हातानं वहिनींना व्हिडिओ कॉल लावला. पळीची भरपाई करायची ती हीच वेळ. मी फोन धरला. सर पंधरा मिनिटं घामाघूम. मासा सोडेना आणि वर येईना.

नामदेव निवांत बिडी ओढत होता. ती संपल्यावर म्हणाला, "सर, ती बाभूय हाय. बुडालेल्या गावकुसाची. मागच्या हप्त्यात माहं जाळं बी तिच्यातच फाटलं."

"मग आधी काहून नाही सांगितलं?"

"तुमी वहिनींसंगं बोलून राह्यलते ना."

फोनवरून वहिनींचा आवाज आला, "लाकूड तरी आणा आता." मी फोन पाण्याकडे वळवला.

*

आता राठोडभाऊ. तीन वर्षांत त्यांना मोजून सहा शिंगाळे लागले असतील, पण मासा नाही म्हणून कुरकुरताना मी त्यांना पाहिलेलं नाही. मासोळी टेकली की डोळे मिटायचे आणि दोरीवर बोट ठेवून सांगायचे, "मुरूम." पुढे सरकलो की, "आता काळी माती." मग, "दगड." माझ्या तपासणीच्या सवयीनं मी एकदा त्यांची परीक्षा घेतली. रुमालानं डोळे बांधले आणि नामदेवला नाव गोल फिरवायला लावली. थांबलो त्या पाचही जागा त्यांनी ओळखल्या, नामदेवनं प्रत्येकीला मान डोलावली.

खिशात एक डायरी असायची, तिच्यात खुणा मांडायचे. आम्हाला वाटलं, माशांच्या जागा लपवून ठेवताहेत. सरांनी शेवटी डायरी मागितलीच. राठोडभाऊंनी ती काढून दिली. आत चौकोन काढलेले होते. नायकाचं घर. वाट. आमचा ओटा. एका गोलाभोवती नुसतं प्रश्नचिन्ह.

"तांडा होता आमचा इथं," राठोडभाऊ म्हणाले. "पाणी आलं तवा मी पाच वर्साचा. ओटा सापडला मले, विहीर नाही सापडत. बानं आपल्या हातानं खोदली होती. दर उन्हाळ्यात सगळा तांडा मिळून गाळ काढे. बा हाय तोवर त्याले सांगायचं हाय, का विहीर हाय म्हणून."

"मग बालाच आणा की इथं," सर म्हणाले.

"बा नाही येत. पाणी भरलं तवापासून धरणाचं तोंड नाही पाह्यलं त्यानं. एसटीतबी तिकडच्या खिडकीपाशी नाही बसत."

मला फार ओशाळल्यासारखं झालं. तीन वर्षं हा माणूस शेजारी बसून घर शोधत होता, आणि मी त्याचे मासे मोजत होतो.

*

मागच्या हिवाळ्यात राठोडभाऊंनी घरी सांगितलं, "बा, ओट्याचा दगड लागते हाताले." तिसऱ्या दिवशी म्हातारा म्हणाला, "ओट्यापासून उगवतीले वीस पावलं. तुले नाही सापडणार. मी येतो."

बा पंच्याऐंशीच्या पुढचे. पांढरं धोतर, डोक्याला पागोटं, आणि नामदेवनं हट्टानं चढवलेलं लाइफ जॅकेट. घरात बापलेक बंजाऱ्यांच्या गोरबोलीत बोलतात, पण नावेत आम्ही होतो म्हणून बा आम्हाला समजेल असंच बोलले. नावेत बसेपर्यंत मान खाली. पाण्याच्या मध्यावर आल्यावर त्यांनी पहिल्यांदा वर पाहिलं. टेकडीकडे, मग समोरच्या खडकाकडे.

"डावीकडं घे," नामदेवला म्हणाले. "आनखी. बस."

रॉड दिला तो त्यांनी बाजूला ठेवला. दोरी दोन बोटांत धरली आणि मासोळी सोडली. ती गेली, गेली आणि थांबली.

"टेकली का?" सरांनी अगदी हळू विचारलं.

"हा काठ हाय," बा म्हणाले.

त्यांनी दोरी जराशी उचलली, मनगटानं थोडी पलीकडे झुलवली आणि सोडली. यावेळी ती थांबली नाही. बोटांतून दोरी सरकत होती आणि बा हात मोजत होते. एक, दोन, तीन. राठोडभाऊंनी नावेची कड घट्ट धरली होती. सहा. सात. दोरी सैल पडली.

नामदेवनं वल्हं पाण्याबाहेर काढून मांडीवर धरलं. मी टेकडीकडे पाहत राहिलो. बा बराच वेळ दोरी हातभर उचलत होते आणि पडू देत होते. मग त्यांनी ती नीट गुंडाळून वर घेतली, मासोळीला लागलेला चिखल अंगठ्यानं पुसला आणि लेकाकडे जरा रागानंच पाहिलं.

"गाळानं अर्धी भरली रे. या उन्हाळ्यात काढा लागते."

"हो बा," राठोडभाऊ म्हणाले. "काढू."