रज्जाकचे भोपळे

भुताखेतांच्या गोष्टी कोणी सुरू केल्या की मी उठून पाणी प्यायला जाणारा माणूस. गणिताचा मास्तर... सिद्धता नसेल तर गुण नाहीत, हा माझा खाक्या. तरीही हे लिहितोय, कारण आता वय झालंय आणि हे पोटात ठेवून मला जायचं नाही.

त्र्याहत्तर साल. मी बेलापूरला शाळेत होतो. रज्जाक माझा वीस वर्षांचा दोस्त, लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचा. बँडच्या चाली मी बांधायचो, पण त्यात ट्रम्पेट पुढे आणि रज्जाक कायम मागे. "मास्तर, एकदा तरी माझ्यासाठी बांध की," असं तो दरवर्षी म्हणायचा. मी दरवर्षी "पुढच्या वर्षी" म्हणायचो.

दुष्काळात लग्नं बंद पडली. रज्जाक तिकडे घोडेगावकडे दुष्काळी कामावर खडी फोडायला गेला आणि धुळीनं त्याची छाती धरली. बँडच्या मालकाचा निरोप आला — दिवाळीनंतर घेईन, पण आधी दम दाखव, नाहीतर दुसरा माणूस बघतो. मग मात्र मी इरेला पेटलो. क्लॅरिनेट पुढे आणि अख्खा बँड मागे, अशी चाल लिहायला घेतली. लांबलचक ताना, मध्ये कुठे थांबणं नाही... मालकाचं तोंडच बंद झालं पाहिजे! रज्जाकला यातलं काहीच सांगितलं नव्हतं.

वही माझ्या लोखंडी पेटीत असायची आणि किल्ली करदोट्याला. एका दुपारी वही उघडली तर शाईच्या ओळींवर पेन्सिलीचे तीन छोटे गोल. गव्हाच्या दाण्याएवढे. दम घ्यायच्या जागी इतर वाजवणारे उभी रेघ मारतात, गोल फक्त रज्जाक काढायचा. "तुला सगळीकडे भोपळेच मिळणार," अशी मी त्याची थट्टा करायचो.

बायकोला विचारलं. "मला काय कळतंय तुमच्या सारेगमतलं?" ती म्हणाली. खरंच होतं. रज्जाक तर दोन महिने गावात फिरकलाही नव्हता.

मला भीती नाही वाटली, राग आला. माझ्या तानांचे तुकडे करणारा हा कोण? रबर घेतलं आणि तिन्ही गोल खोडून टाकले.

पाऊस सुरू झाला तसा रज्जाक परतला. निम्मा झाला होता. ओट्यावर बसून त्यानं वही वाचली, डोळे पुसले. मग ओळींवरून बोट फिरवत म्हणाला, "हितं जरा दम घिऊ दे की, मास्तर. आन हितं... आन हितं बी."

त्याच तीन जागा! कागदावर पेन्सिलीचा मागमूस नव्हता. अंगावर सरसरून काटा आला... आणि मी काय बोललो असेन? "थांबलास तर मालक काय म्हणेल? सलग वाजव."

"तू म्हन्तोस तर वाजवतो," तो म्हणाला.

दिवाळीआधी एका सकाळी मालकाच्या शेडमध्ये तो उभा राहिला. काय वाजवलं त्यानं! पहिली जागा गेली, दुसरी गेली. मी मनातल्या मनात देवाचं नाव घेत होतो — मी! तिसऱ्या जागी सूर फाटला. त्यानं क्लॅरिनेट खाली घेतलं तेव्हा तोंडाकडची पत्ती रक्तानं लाल झाली होती. मालक उठून बाहेर निघून गेला.

रज्जाकनं अंथरूण धरलं ते धरलंच. एक दिवस मी त्याच्या उशाशी बसून सगळं सांगून टाकलं... पेटी, गोल, रबर.

"खोडायच्या आदी मला इचारायचं तरी हुतंस, मास्तर."

लग्नसराई सुरू व्हायच्या आत तो गेला.

वही अजून माझ्याकडे आहे. उजेडात तिरकी धरली की कागदावर घासल्याच्या तीन खुणा दिसतात. ते गोल कोणी काढले, हे मला आजही सांगता येत नाही. खोडले कोणी, ते मात्र मला माहीत आहे.