धबधब्याखालची लव्हॉन

मर्लिन झॅस्ट्रो माझा शेजारी. आमच्या अंगणांमध्ये कुंपण असं नाही, माझ्या टोमॅटोची एक रांग आहे तेवढीच. आम्ही दोघंही कागदाच्या गिरणीत होतो, मी गोदामात आणि तो यंत्रावर. यंत्रावरच्या माणसांचे कान जातात तसे त्याचेही गेले, आणि कानांमागोमाग बोलायची सवयही गेली. त्या आवाजात बोलून उपयोग नसतो, खुणा करायच्या असतात. मर्लिन घरीही खुणांवरच भागवायचा. त्याच्या बायकोनं, लव्हॉननं, "बटाटे अजून हवेत का?" असं विचारलं की अंगठा वर किंवा खाली. लव्हॉन दोघांच्या वाटचं एकटी बोलायची, त्यामुळे त्या घरात बोलणं कमी पडतंय असं कधी कुणाला वाटलं नाही.

तो निवृत्त झाला तेव्हा मुलीनं, टॅम्रानं, त्याला कानाची यंत्रं घ्यायला लावली. टॅम्रा अ‍ॅरिझोनात राहते आणि तिथं बसून इथल्या सगळ्यांची काळजी करते. यंत्रं लावली आणि मर्लिनला पहिल्यांदाच कळलं की घरात गिरणी चालू नाही. फ्रिजची घरघर थांबली की तो दचकायचा. मला म्हणाला, "जीन, सगळं बंद पडल्यासारखं वाटतं रे. सारखं वाटतं, कुणीतरी उठून चालू करायला पाहिजे."

ते कुणीतरी म्हणजे तोच निघाला. मागच्या अंगणात लव्हॉनचं लाल माशांचं छोटं तळं होतं. त्यावर धबधबा बांधायचं त्यानं ठरवलं. पुतण्याच्या शेतातले दगड आणले, मातीचा उतार केला, त्यावर रबरी कापड अंथरलं, दगड रचले, तळ्यात पंप सोडला, आणि मला बघायला बोलावलं. पाणी नळीतून वर गेलं, वरच्या सपाट दगडावर आलं, आणि गायब झालं. खाली तळ्यात ते गुपचूप येऊन मिळत होतं, पण मधे कुठे होतं ते दिसेना. सगळं दगडांच्या फटींतून, आतल्या आत. आवाज शून्य. मर्लिननं यंत्रं काढली, फुंकली, पुन्हा लावली. तरी शून्य.

हार्डवेअरच्या दुकानात त्याला फुगणारा काळा फोम मिळाला. फटीत मारायचा, तो फुगून घट्ट होतो, पाण्याला आत शिरायला जागा राहत नाही, मग त्याला दगडावरूनच यावं लागतं. दुकानदारानं बजावलं होतं की थोडासाच मारा. पण थोडक्यात काम होतं यावर मर्लिनचा आयुष्यात कधी विश्वास बसला नव्हता. त्यानं फटी काठोकाठ भरल्या आणि जेवायला गेला. इकडे फोम पावाच्या पिठासारखा वर येत राहिला. मी खिडकीतून बघत होतो, दगड हळूहळू उठून बसत होते. तो परत आला तेव्हा वरचा सपाट दगड तिरक्या टोपीसारखा माझ्या बाजूला कलला होता. त्यानं तसाच पंप चालू केला. धबधबा झाला, पण माझ्या टोमॅटोंवर.

त्यानं सगळं कापून काढलं आणि पुन्हा सुरुवात केली. फोम हाताला लागला की निघत नाही, कातडीबरोबरच जातो. लव्हॉननं त्याच्या हातांना लोणी लावून पाहिलं, मीठ चोळून पाहिलं, गवत कापायच्या यंत्रातलं पेट्रोलही लावून पाहिलं. हात मनगटापर्यंत काळेच. रविवारी चर्चमध्ये तो हात खिशात घालून बसला आणि गाण्याचं पुस्तक लव्हॉननं दोघांसाठी धरलं. नंतर टोमॅटोंपाशी येऊन ती मला म्हणाली, "हा धबधबा माझा जीव घेणार आहे, यूजीन. लिहून ठेव."

आणि ती निघाली. उत्तरेकडे एका मोठ्या तळ्याकाठी तिच्या बहिणीची, जेराल्डिनची, लाकडी खोली आहे. हे खूळ संपेपर्यंत तिथं मासे धरत बसायचं तिनं ठरवलं. जेराल्डिन स्वतःचा ट्रक घेऊन तिला न्यायला आली. मी त्या सकाळी दातांच्या डॉक्टरकडे होतो. मी असतो तर पुढचं बरंचसं टळलं असतं.

जाताना काय झालं ते आम्हाला नंतर जुळवावं लागलं. लव्हॉन कॉफी घेऊन मर्लिनकडे गेली. तो धबधब्यापाशी गुडघ्यांवर बसलेला, कानाची यंत्रं स्वयंपाकघराच्या खणात, कारण त्यांना फोम लागायला नको. त्याला समजवायला तिला दोन्ही हात लागायचे, म्हणून तिनं आपला फोन दगडांमधल्या खोबणीत ठेवला. मग तिनं फ्रीजरमध्ये काय आहे, माशांना कधी आणि किती घालायचं, हे हातवारे करून सांगितलं. मर्लिननं अंगठा वर केला. ती गेली. मर्लिननं वळून, न बघता, तीच खोबण भरून टाकली.

दुसऱ्या दिवशी त्यानं पंप चालू केला आणि मला हाक मारली. हाक मारली, हेच नवल. मी गेलो. या वेळी पाणी वरच्या दगडावरून सरळ काचेसारखं खाली पडत होतं, आणि आवाज होता. मोठा, सलग, मधे कुठेही न तुटणारा. मर्लिननं माझ्यासाठी खुर्ची उघडली. आम्ही दोघं बिअर घेऊन बसलो. त्याच्या चेहऱ्यावर गिरणीतली पाळी सुरळीत चालल्यासारखं काहीतरी होतं.

"अधूनमधून पंप गातो," तो म्हणाला.

"गातो?"

"पोल्का नाचाच्या गाण्यासारखं काहीतरी. थोडा वेळ. मग थांबतो."

मला पाण्याशिवाय काही ऐकू आलं नाही.

शुक्रवारी आमचं सगळं गाव तळलेले मासे खायला क्लबात जातं. दुपारनंतर मी त्यासाठी शर्ट बदलत होतो, तर मर्लिनच्या दारात शेरीफच्या ऑफिसची गाडी थांबली. हायडी प्लिस्का उतरली. तिचे आजोबा आमच्याबरोबर गिरणीत होते, तिला आम्ही झबल्यात पाहिलंय, पण आता ती डेप्युटी होती आणि कमरेला सगळं लावून आली होती. मी टोमॅटोंपर्यंत गेलो.

"मिस्टर झॅस्ट्रो, तुमच्या मुलीचा फोन आला होता," हायडी म्हणाली. "दोन दिवस आई फोन उचलत नाही म्हणून ती घाबरलीय. तुम्हीही उचलत नाही."

"मी बाहेर असतो," मर्लिन म्हणाला. "इथे आवाज आहे."

"लव्हॉन कुठेयत?"

"वर गेली."

हायडीनं सहज चौकशीला आल्यासारखा चेहरा ठेवला होता, तो जरा बदलला. मी मधे पडलो. "वर म्हणजे उत्तरेला. बहिणीकडे."

"तुम्ही त्यांना जाताना पाहिलंत?"

"नाही. मी दाढ काढायला गेलो होतो."

"त्यांची गाडी तर गॅरेजमध्ये दिसतेय."

"बहिणीच्या ट्रकमधून गेली," मर्लिन म्हणाला. "तिला हा आवाज नको होता. आता शांत आहे."

"कोण शांत आहे?"

"ती. तिकडे."

हायडीनं स्वतःचा फोन काढला. टॅम्रानं तिला नकाशा पाठवला होता. त्यावर लव्हॉनचा फोन कुठे आहे ते निळ्या ठिपक्यानं दिसत होतं. हायडी ठिपक्याकडे बघत चालू लागली. अंगण ओलांडलं, तळ्याला वळसा घातला आणि धबधब्यासमोर थांबली.

"तुमच्या मुलीच्या म्हणण्याप्रमाणे," ती सावकाश म्हणाली, "तिची आई इथं आहे. परवापासून. हलली नाही."

मर्लिननं दगडांकडे पाहिलं. मग आपल्या हातांकडे. हायडीनंही त्याच्या हातांकडे पाहिलं.

"हे कधी बांधलंत?"

"शेवटचा भाग ती गेल्यावर भरला."

मी त्याच्याकडे डोळे वटारले, पण तो खुणा समजणारा माणूस असूनही ही खूण त्याला समजली नाही. हायडी माझ्याकडे वळली. "मिस्टर यूजीन, दोघांमध्ये काही वाद वगैरे?"

आता मी खोटं बोलत नाही, तेही पोलिसाशी. "वाद नाही," मी म्हणालो. "फक्त ती म्हणाली होती की हा धबधबा तिचा जीव घेणार."

"कधी म्हणाल्या?"

"रविवारीच. लिहून ठेव म्हणाली. मी लिहिलं नाही."

इतक्यात अ‍ॅरिझोनातून टॅम्रानं पुन्हा फोन लावला असणार, कारण दगडांच्या पोटातून दबक्या आवाजात अ‍ॅकॉर्डियन वाजायला लागलं. लव्हॉनच्या फोनची रिंग, तोच पोल्का. हायडीचा हात आपोआप कमरेकडे गेला.

"ऐकलंस?" मर्लिन मला म्हणाला. "सांगत होतो ना, पंप गातो."

हायडीनं जेराल्डिनला फोन लावला, लागला नाही. तिकडच्या तळ्याकाठी कुणालाच लागत नाही. मग जवळच्या बोटवाल्याला लावला. तो होडी घेऊन बघून आला आणि म्हणाला की खोलीला कुलूप आहे, आत कुणी नाही. हायडीनं डोक्यावरची टोपी काढली. पोरगी घामाघूम झाली होती.

"मर्लिन काका," ती म्हणाली, डेप्युटीपण सोडून, "हे उघडावं लागेल."

"नाही."

"तुम्ही उघडा, नाहीतर मला खोदाईयंत्रवाले बोलवावे लागतील. ते उघडतील, पण परत लावून देणार नाहीत."

हे मात्र त्याला पटलं. तो आत जाऊन लव्हॉनची पाव कापायची सुरी घेऊन आला. त्यानं पंप बंद केला, आणि ती शांतता आमच्या सगळ्यांच्या अंगावर आली. सगळ्यांच्या म्हणजे एव्हाना बरेच लोक जमले होते. पोलिसांच्या गाडीसमोरून मासे खायला निघालेलं गाव जात होतं, ते थांबत गेलं. समोरची डोरिस व्हिएर्झ्बा आपली खुर्ची घेऊन आली होती. कुणीतरी बर्फाची पेटी आणली होती. कुणी मोठ्यानं बोलत नव्हतं. पुरुषांनी टोप्या काढल्या, त्यामुळे मीही काढली.

मर्लिन कापत होता. एक दगड काढायचा, बाजूला नीट क्रमानं ठेवायचा, मग फोमचा काळा तुकडा. नंतर त्यानं मला सांगितलं की सुरुवातीला त्याला फक्त धबधब्याचं वाईट वाटत होतं. पण इतके लोक इतक्या खात्रीनं बघत होते की अर्ध्यावर त्यालाच शंका यायला लागली. तिनं काय हातवारे केले ते त्यानं नीट पाहिलं नव्हतं. ती गेली तेव्हा तिच्याकडे त्याची पाठ होती. ती गेली हे त्याला कळलं कशावरून, तर नंतर ती तिथं नव्हती. "मग मी हळू कापायला लागलो," तो म्हणाला. मी पाहिलं होतं.

रस्त्यावर ट्रक थांबल्याचं कुणी पाहिलं नाही. लव्हॉन उन्हानं लाल झालेली, हातात माशांची पेटी, घराला वळसा घालून मागे आली. तिनं ते जमलेलं गाव, टोप्या काढलेले पुरुष, डेप्युटी आणि सुरी घेऊन गुडघ्यांवर बसलेला नवरा पाहिला.

"अगं बाई," ती हळू आवाजात डोरिसला म्हणाली, "कोण गेलं?"

मर्लिननं मान वळवली.

"तू," तो म्हणाला.

आणि तो मागे ओल्या गवतात बसला. तसाच, पाय पसरून. लव्हॉननं पेटी खाली ठेवली. "मी कशाला जाऊ? उद्याचं तिकडे पावसाचं सांगितलं म्हणून निघालो आम्ही. आणि ती माझी पावाची सुरी आहे." मग तिचं लक्ष त्याच्या चेहऱ्याकडे गेलं आणि तिनं पुढचं बोलणं गिळलं. माझ्या माहितीत हे एकदाच झालं. ती जाऊन त्याच्या शेजारी गवतात बसली. त्यानं काळा हात तिच्या मांडीवर ठेवला आणि ती तिथं आहे ना, याची खात्री करावी तसा दोनदा दाबला.

फोन अजून आतच होता. हायडीनं तो स्वतः काढला, फोमचं वेटोळं तसंच भोवती, जाड कवचासारखं. तेवढ्यात तो वाजला. लव्हॉननं तो तसाच कानाला लावला. "टॅम्रा, मी बरी आहे. नाही, तळ्यात नाही. तळ्याच्या बाहेर. बाबा इथंच आहेत, रडतायत. नाही गं, आनंदानं. मला वाटतं आनंदानं. मर्लिन, आनंदानं ना?"

मर्लिननं अंगठा वर केला.

"आनंदानं," लव्हॉन म्हणाली.

लोक क्लबाकडे पांगले. हायडीनं सगळ्यांची माफी मागितली, विशेषतः दगडांची, कारण मर्लिन त्यांच्याकडेच बघत होता. पुढच्या आठवड्यात ती साध्या कपड्यांत येऊन गेली आणि त्याला पुन्हा रचायला मदत केली. आता तिचेही हात काळे आहेत आणि ऑफिसात तिला त्यावरून ऐकावं लागतं.

पण एक गोष्ट राहिलीच होती. डोरिसनं त्या दुपारी चर्चच्या बायकांना आधीच फोन केले होते, आणि आमच्या चर्चच्या बायका मयत झालेल्या घरी जेवण पोचवायला वाट बघत नाहीत. शनिवारी सकाळी झॅस्ट्रोंच्या पायरीवर चीज घालून भाजलेल्या शेवयांच्या आणि बटाट्यांच्या ट्रेंची रांग लागली. केलेलं वाया कशाला घालवायचं, म्हणून सगळ्यांनी आणून ठेवलेच. लव्हॉननं मला आणि डोरिसला जेवायला बोलावलं. एकेक झाकण उघडून ती चव घेत गेली. कुणी चीज हात राखून घातलं होतं, कुणी मटार डब्यातले वापरले होते. सगळं तिनं मनात नोंदवून घेतलं.

"आणि खरं सांग डोरिस," ती शेवटी काटा खाली ठेवून म्हणाली, "रडलं कोण कोण?"

डोरिसनं आपल्या ट्रेमधला कडेचा खरपूस तुकडा तिच्या ताटात वाढला.

"वेळ कुठे मिळाला गं," ती म्हणाली. "तू लगेच आलीस."