गोलपोस्ट कोणत्या अंगाला होते

"डोळ्यानं पाह्यलं का, जी?"

चष्मा कपाळावर सरकवून, कागदाकडे न बघता समोरच्या माणसाकडे बघत ते हे विचारायचे. लखनौला, मानक नगरच्या आमच्या रेल्वे कार्यालयात ते ड्राफ्ट्समन होते. आम्ही इंजिनिअर मंडळी मापं आणून द्यायचो, ते नकाशे काढायचे. पण माप कागदावर उतरण्याआधी हा प्रश्न ठरलेला. 'हो' म्हटलं की पेन्सिल हातात. 'फाइलमध्ये आहे' म्हटलं की पेन्सिल परत कानावर.

"फाइलीत माझी बी उंची साडेपाच फूट लिहिली आहे, भाऊ," म्हणून ते उभे राहायचे. उभं राहून फारसा फरक पडायचा नाही. सगळा विभाग हसायचा.

अशी माणसं तुमच्याही कचेरीत असतील. त्यांचा सुरुवातीला कंटाळा येतो आणि नंतर त्यांच्यावाचून अडतं. हिंदीभाषक सहकारी त्यांना 'नक्शेवाले बाबू' म्हणत. मी 'दादा' म्हणायचो. ते भंडाऱ्याकडचे, बौद्ध. मी साताऱ्याचा. कॉलनीत आमच्या क्वार्टरांमध्ये एकच गल्ली होती. मराठी मंडळाच्या गणपतीत आम्ही त्यांना खुर्च्या मांडायला आवर्जून बोलवायचो. कार्यकारिणीत मात्र कधी घेतलं नाही. हे तेव्हा मला खटकलं नव्हतं. आज सगळंच खटकतं, म्हणून लिहायला बसलो आहे.

त्यांची मुलगी सुजाता फुटबॉल खेळायची. आणीबाणी उठून दोन-तीन उन्हाळे झाले होते. त्या सुमारास लखनौत मुलींच्या फुटबॉलचं वारं होतं. छावणीतले एक निवृत्त हवालदार मुलींना शिकवत. सुजाता पहाटे बापाची हाफपँट घालून सायकलवर छावणीत जायची. डाव्या पायाची होती. तिचा फटका मी एकदा पाहिला. चेंडू गोलकीपरच्या हातात जाण्याऐवजी गोलकीपरच चेंडूबरोबर गेली.

मी म्हटलं, "सुजाता, छान खेळतेस गं!"

"अंकल, आज तो कुछ भी नहीं खेली," ती म्हणाली. आमच्या मुलांना मराठी सगळं कळायचं, उत्तर हिंदीत यायचं.

ती इंटर, म्हणजे बारावी, पास झाली त्या मे महिन्यात हवालदारांनी दादांना सांगितलं, "बाबूजी, इसे दो साल रोज़ टीम में खिलाइए। स्टेट न खेले तो मेरा नाम बदल दीजिएगा। मगर रोज़। दीवार से खेलके कोई खिलाड़ी नहीं बनता।"

झालं. दादांनी कॉलेजं बघायला घेतली.

लोक निकाल बघतात, प्राध्यापक बघतात. दादा मैदान बघायचे. सुटीच्या दिवशी काळी छत्री घेऊन निघायचे. मैदानात शिरले की छत्रीचं टोक मातीत खुपसून बघायचे, किती आत जातं ते. मग पावलांनी लांबी-रुंदी मोजायची. घरी येऊन ट्रेसिंग पेपरवर प्रत्येक मैदानाचा नकाशा काढायचा. नळ कुठे, सावली कुठे, दुपारी चारला ऊन कोणत्या गोलमध्ये. कोपऱ्यात उत्तरेचा बाण. मी चेष्टा केली, "दादा, पोरीला प्रवेश घ्यायचाय की पूल बांधायचाय?"

"पूल पडला तर रेल्वे दुसरा बांधते, भाऊ," ते म्हणाले. "हिची सतरा-अठराची उमर दुसरी कोण बांधून देईल?"

पहिल्या कॉलेजात मैदानभर हॉस्टेलच्या मुलींचे कपडे वाळत होते. प्राचार्यबाई म्हणाल्या, आमच्याकडे सतार फार चांगली शिकवतात. दादा म्हणाले, "मॅडम, इसका पैर अच्छा है, हाथ नहीं।" हा किस्सा ते महिनाभर सांगत होते.

दुसरं गोमतीपलीकडचं. तिथे मुलींचा संघ होता, रोज सराव होता. दादांनी तो तासभर उभं राहून पाहिला. मैदानात खडे होते. पण अडचण खड्यांची नव्हती. दोन बस बदलून जायचं आणि खेळून परतताना अंधार. वहिनी म्हणाल्या, "तिले घ्यायले रोज कोण जाईल? तुम्ही तर महिन्यातले पंधरा दिवस लाइनवर."

तिसरं जवळचं. एकच बस, नाव मोठं. माहितीपत्रकात छापलं होतं: विशाल क्रीडांगण, फुटबॉलसह सर्व मैदानी खेळ. हे खरं असेल तर प्रश्नच मिटला. वहिनी खूश, सुजाता खूश. फक्त दादांनी ते अजून पाहिलं नव्हतं.

आणि नेमकं तेव्हाच नव्या डब्याच्या चाचणीसाठी त्यांना आठ दिवस झाशीकडच्या लाइनवर पाठवलं. फॉर्म भरायची मुदत ते परतायच्या आधी संपत होती. जायच्या दिवशी ते माझ्या टेबलाशी आले.

"भाऊ, तुमच्याकडे स्कूटर आहे. तेवढं मैदान पाहून या. गेटातून नका पाहू, आत जाऊन पाहा. गोलपोस्ट उभे आहेत का, मुली खेळतात का. असेल तर वहिनीले सांगा, जवळचा फॉर्म भरेल. नसेल तर पलीकडचा. अंधाराचं मी पाहून घेईन."

"दादा, काळजीच सोडा," मी म्हटलं.

त्यांनी चष्मा कपाळावर नेला, पण काही विचारलं नाही. छत्री उचलून गेले.

जून होता. लू चालली होती, अंग भाजणारा वारा. त्या दिवशी आमच्या साहेबांनी मलिहाबादहून आलेली दसहरी आंब्यांची पेटी छावणीतल्या त्यांच्या पाहुण्यांकडे पोचवायला मला दिली होती. सांगितलं नव्हतं, 'जमेल का' असं विचारलं होतं. साहेबांच्या 'जमेल का'ला नाही म्हणायचं नसतं, हे तुम्हाला ठाऊक असेल. पेटी दोन पायांच्या मध्ये ठेवून मी स्कूटर काढली. कॉलेज वाटेत नव्हतं, थोडी वाट वाकडी करावी लागली. गेटपर्यंत गेलो. आत लांब रस्ता, एकही झाड नाही. चौकीदार खाटेवर ओला पंचा तोंडावर घेऊन पडला होता. इंजिन बंद न करताच मी विचारलं, "भैया, ग्राउंड है अंदर?"

पंचा न काढता तो म्हणाला, "बहुत बड़ा ग्राउंड है, साहब।"

"फ़ुटबॉल होता है?"

"सब होता है।"

आंबे तापत होते. मी स्कूटर वळवली.

इथपर्यंत आळस म्हणता येईल. पुढचं म्हणता येत नाही. संध्याकाळी वहिनींनी दारातच विचारलं, "पाहून आले का, भाऊजी?" मागे सुजाता उभी होती, परकराला हात पुसत. मी म्हणालो, "हो, पाहिलं की. मोठं मैदान आहे. दोन्ही गोलपोस्ट आहेत. एकाला जाळीसुद्धा आहे."

ती जाळी मी कुठून आणली, मला अजून कळत नाही. कुणी विचारली नव्हती. 'दोन्हीला' म्हटलं असतं तर खोटं वाटलं असतं, म्हणून 'एकाला' म्हणालो. इतकं डोकं मी तेवढ्यात चालवलं होतं.

"एक में तो है, मम्मी!" सुजाता म्हणाली आणि तिथल्या तिथे एक उडी मारली. दुसऱ्या दिवशी फॉर्म गेला.

जुलैत कॉलेज सुरू झालं. आठवड्याभरात कॉलनीत बातमी आली ती माझ्या बायकोकडून. सुजाता बापाला म्हणाली होती, "पापा, वहाँ तो नींव खुदी पड़ी है।" मैदानात विज्ञान शाखेची नवी इमारत होणार होती. उरलेल्या पट्टीवर थ्रोबॉल. दादा त्याच दिवशी छत्री घेऊन गेले. गोमतीपलीकडेही जाऊन आले. तिथले प्रवेश भरले होते, संघ ठरला होता. नाव काढून पुन्हा घालायचं तर वर्ष वाया जाणार. हवालदारांनी रोजच्या खेळाची मागितलेली दोन वर्षं हीच होती, आणि त्यांची तब्येत धड नसल्यानं छावणीतलं शिकवणंही बंद होत आलं होतं.

संध्याकाळी दादा माझ्याकडे आले. मी खुर्ची पुढे केली. ते बसले नाहीत.

"भाऊ, ते गोलपोस्ट कोणत्या अंगाला होते?"

तेव्हा सांगता आलं असतं. तोंड उघडलं तेव्हा तेच सांगायचं होतं, अशी मी स्वतःची समजूत घालत आलो आहे. तोंडातून आलं ते हे: "पिंपळाच्या बाजूला एक. दुसरा त्याच्या समोर."

"अन् जाळीवाला?"

"समोरचा."

दादांनी चष्मा कपाळावर सरकवला. मग हळूच म्हणाले, "हो. मग पाया खणायच्या आधी काढले असतील जी." बायकोनं आणलेलं पाणी घेतलं, पेला खाली ठेवला आणि गेले.

पुढच्या रविवारी मी गेलो. आत, पायी. तिथे पिंपळ नव्हता. पायाच्या चरांत गुडघाभर गवत होतं, वर आलेल्या सळयांवर गंज चढला होता. ते खणकाम निदान गेल्या हिवाळ्यातलं होतं. जूनमध्ये तिथे गोलपोस्ट असणं शक्यच नव्हतं, आणि हे सगळं दादांनी आदल्या आठवड्यात पाहिलं होतं. म्हणजे माझ्या घरात उभे असताना त्यांना सगळं कळलेलं होतं. तरी त्यांनी मला निसटायला वाट करून दिली, आणि मी निसटलो.

त्यानंतर त्यांनी एक शब्द काढला नाही. चहाला हाक मारायचे, दिवाळीत वहिनींच्या हातची करंजी यायची. फक्त एक झालं. माझी मापं पूर्वी ते एका 'हो'वर घ्यायचे. आता माझा कागद आला की पट्टी उचलून स्वतः शेडमध्ये जायचे. दुसऱ्यांचा आला तर जात नसत. कुणी विचारलं तर म्हणायचे, "पाय मोकळे होतात जी." शेडमध्ये वाकून डब्याखाली शिरणारी त्यांची पाठ मी खिडकीतून बघायचो. मला जागेवर बसवायचं नाही. उगाच उठून पाणी प्यायचो, फाइली इकडच्या तिकडे करायचो.

मनात एकच प्रश्न यायचा, अजून येतो. साहेबांच्या मुलीसाठी मैदान बघायचं असतं तर? तर मी आंब्यांची पेटी चौकीदाराच्या खाटेखाली ठेवली असती आणि लूमध्ये मैदान पावलांनी मोजून आलो असतो. मंडळाच्या अध्यक्षांच्या मुलीसाठीही गेलो असतो. दादांसाठी गेलो नाही. ते कोण आहेत आणि आपण कोण, हा हिशेब मी त्या गेटावर न बोलता करून टाकला होता.

सुजाता राज्याच्या संघात गेली नाही. बी.ए. झाली, मग बी.एड. रस्त्यात भेटली की "नमस्ते अंकल" म्हणायची, थांबायची नाही. कॉलनीतल्या प्राथमिक शाळेत काही वर्षं शिकवून तिला नागपूरला नोकरी लागली, भूगोलाची शिक्षिका म्हणून. दादा निवृत्त झाले आणि तिघं एकदमच निघाली.

निरोपसमारंभात मराठी माणूस म्हणून भाषण माझ्याकडे आलं. त्यांच्या काटेकोरपणाबद्दल बोललो, टाळ्या पडल्या. ते खाली बघत होते. चारबागला सोडायला गेलो तेव्हा वहिनी आणि सुजाता डब्यात सामान लावत होत्या, आम्ही दोघे फलाटावर.

"दादा, एक सांगायचं होतं. फार वर्षांचं."

"नका सांगू जी," ते लगेच म्हणाले. "मी विचारलं तवा सांगायचं होतं. आता सांगून तुम्हाले झोप येईल, अन् मले नागपूरपर्यंत येणार नाही." मग माझ्या दंडावर थोपटलं. "पोरगी माझी होती, भाऊ. मीच झाशीचा दौरा टाळायले पाहिजे होता."

ते मला ऐकवत नव्हते. खरंच तसं मानत होते. गाडी हलली. सुजातानं खिडकीतून हात केला, तो मला होता की फलाटाला, कळलं नाही.

पंधरा दिवसांनी त्यांचं क्वार्टर नव्या माणसाला मिळालं. गल्लीतून जाताना मागच्या अंगणाचं दार उघडं दिसलं, शिरलो. त्या अंगणात मी इतक्या वर्षांत कधी गेलो नव्हतो. रंगारी चुन्याची बादली ढवळत होता. समोरची भिंत चेंडूच्या मातकट ठशांनी भरलेली. गोल, अर्धगोल, एकावर एक, गुडघ्यापासून डोक्यापर्यंत. सगळ्यात दाट ठसे उजव्या कोपऱ्यात, हातभर जागेत.

आमच्या क्वार्टरांना तीन वर्षांनी चुना लागतो. मागचा दोन वर्षांपूर्वी लागला होता. म्हणजे हे ठसे त्यानंतरचे होते. शाळेतून घरी आलेल्या, साडी नेसणाऱ्या शिक्षिकेचे.

"क्या करेंगे साहब, बच्चों का घर था," रंगारी म्हणाला. "दो हाथ में निकल जाएगा।"

त्यानं पहिला हात मारला. चुना ओला असताना काही झाकत नाही. उलट ठसे भिजून गडद झाले, चेंडूची एकेक शिवण दिसू लागली. मग वरच्या बाजूला ऊन लागलं, चुना वाळू लागला, आणि भिंत वरून खाली पांढरी होत आली.